दिवसाच्या आकाशातली ऑक्सिजनची तांबडी रेषा

ध्रुवीय प्रकाशाच्या वर्णपटातली हिरवी रेषा आँगस्ट्रॉम यांनी 1868 मध्ये मोजली, पण ती कोणाची, हे अर्धशतक उलगडले नाही. 1925 मध्ये टोरांटोत मॅक्लेनन आणि श्रम यांनी हेलियममिश्रित ऑक्सिजनमधून विद्युत विसर्ग घडवून तीच 557.7 नॅनोमीटरची रेषा मिळवली आणि अणुरूप ऑक्सिजनचे नाव पक्के झाले.

630.0 नॅनोमीटरची तांबडी रेषा त्याच अणूची, पण फार सावकाश. उत्तेजित अणूला ती सोडायला सुमारे दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात नायट्रोजनच्या रेणूशी टक्कर झाली की ऊर्जा गेली. म्हणून ती विरळ हवेतच, साधारण 220 किलोमीटरच्या आसपास, सर्वांत तेजस्वी असते. रात्री ती बहुधा शेकडो रॅले (आकाशातल्या अशा मंद उजेडाचे एकक) भरते, दिवसा काही हजार. सूर्याच्या अतिनील किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनच्या रेणूंचे विघटन आणि आयनांचे इलेक्ट्रॉनांशी पुन्हा जुळणे, तिन्ही तेव्हा एकदम चालू असतात.

मग ती दिसत का नाही? निळ्या आकाशाची पार्श्वभूमी दर नॅनोमीटरला कोटीच्या घरात रॅले असते. 0.3 नॅनोमीटरच्या फिल्टरमधून पाहिले तर रेषेचा वाटा हजारात एकही भरत नाही. रेषा स्वतः मात्र जेमतेम 0.004 नॅनोमीटर रुंद आहे, आणि सगळी आशा त्या अरुंदपणातच.

नॉक्सन आणि गुडी यांनी 1962 मध्ये वेगळी वाट धरली. विकिरित, म्हणजे हवेने विखुरलेला, सूर्यप्रकाश ध्रुवित असतो, त्याच्या लहरी एका दिशेतच अधिक कंप पावतात; दिनदीप्ती, म्हणजे दिवसा हवेचा स्वतःचा मंद उजेड, तशी नसते. म्हणून रेषेच्या जागी ध्रुवीकरण घटायला हवे. कल्पना सुरेख, पण त्याच वर्षी ग्रेंजर आणि रिंग यांनी दाखवले की विकिरित प्रकाशातल्या फ्राउनहोफर रेषा, म्हणजे सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा, मुळापेक्षा उथळ भासतात. हवेच्या रेणूंच्या रामन विकिरणाने, म्हणजे तरंगलांबी किंचित बदलून विखुरलेल्या प्रकाशाने, होणारी ही भर दिनदीप्तीसारखीच दिसते. ती वजा केली नाही तर आकडा फुगतो.

अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेने 1989 मध्ये मांडलेला दिनदीप्तिमापी मला या इतिहासातला खरा टप्पा वाटतो. फॅब्री-पेरो एटालॉनच्या (दोन समांतर अर्धपारदर्शक आरशांच्या, तरंगलांबीनुसार वलये पाडणाऱ्या साधनाच्या) वलयांतला रेषेचा भाग आणि शेजारची पार्श्वभूमी मुखवट्यांनी आलटून पालटून मोजायची, आणि फरक घ्यायचा. इथे तापमान सांभाळावेच लागते: फिल्टर तापला की त्याची खिडकी लांब तरंगलांबीकडे सरकते, आणि ढगाची कड आली तर दोन मोजण्यांमध्येच पार्श्वभूमी बदलते.

उपग्रहांनी वाट सोपी केली. 1991 मध्ये सुटलेल्या यूएआरएस उपग्रहावरचे विंडी हे यंत्र आणि 2019 मध्ये सुटलेल्या आयकॉन उपग्रहावरचे मायटी, दोन्ही क्षितिजाकडे, दाट हवेच्या वरून पाहत. बाजूने शिरणारा भटका प्रकाश तेवढा अडवावा लागे. पण उपग्रह पुढे सरकतो. एकाच आकाशखंडावर सकाळ ते संध्याकाळ नजर ठेवायला जमिनीवरचे यंत्रच लागते.