आयटी प्रकल्प व्यवस्थापन: उसन्या वेळापत्रकापासून स्प्रिंटपर्यंत

आयटी प्रकल्पाची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की काही ठरावीक शब्द कानावर पडू लागतात: गँट चार्ट, क्रिटिकल पाथ, माइलस्टोन, कामाची विभागणी, जोखमींची यादी. यातली जवळजवळ कुठलीच गोष्ट सॉफ्टवेअरच्या जगात जन्मलेली नाही. कारखाने, बांधकाम आणि शस्त्रनिर्मिती यांच्याकडून ती उसनी आली. गेल्या साठेक वर्षांत या क्षेत्रात जी ओढाताण झाली, तिचं मूळ मला या उसनवारीतच दिसतं.

गँट चार्ट म्हणजे कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे दाखवणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता. तो अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात रूढ केला. पोलिश अभियंता कारोल अदामेत्स्की यांनी १८९६ मध्येच तशी आखणी केली होती. पण त्यांचं लेखन पोलिश आणि रशियन भाषांपुरतं राहिलं आणि नाव गँट यांचं झालं. या सुरुवातीच्या तक्त्यांत एक उणीव होती. एक काम लांबलं तर पुढे कोणाकोणाचं काम अडेल, हे त्यात दिसत नसे. १९५७ च्या सुमारास ड्युपाँट या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी यावर तोड काढली. कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे याचं जाळं मांडायचं आणि त्यातली सर्वांत लांब साखळी शोधायची. प्रकल्प त्या साखळीपेक्षा लवकर संपू शकत नाही. हाच क्रिटिकल पाथ, आणि त्याची आकडेमोड तेव्हा युनिव्हॅक संगणकावर होत असे.

लगेच १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून कामांना किती वेळ लागेल याचा अंदाज बांधणारी ‘पर्ट’ पद्धत आली. तिची खुबी एका छोट्या उदाहरणात कळते. समजा एक काम सगळं सुरळीत झालं तर ४ दिवसांत होईल, साधारणपणे ७ लागतील आणि विघ्नं आली तर १६. मधल्या आकड्याला चौपट वजन द्यायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं: ४ अधिक २८ अधिक १६, म्हणजे ४८, भागिले सहा, म्हणजे ८ दिवस. अनुभवी माणूस ७ म्हणतो आणि योजनेत ८ लिहिले जातात. तो जादा दिवस म्हणजे आळसाची सवलत नव्हे, अनिश्चिततेची प्रामाणिक नोंद आहे. आजही एस्टिमेटमधून हाच दिवस सर्वांत आधी छाटला जातो, याचं मला वाईट वाटतं.

पोलॅरिस वेळेआधी तयार झालं आणि जुलै १९६० मध्ये पाण्याखालच्या पाणबुडीतून त्याची चाचणी यशस्वी झाली. श्रेय पर्टला मिळालं. त्या यशात पर्टचा वाटा किती आणि बाहेरच्यांचा हस्तक्षेप थोपवण्यासाठी तिचा उपयोग किती, हा प्रश्न अभ्यासकांनी नंतर उपस्थित केला. तोवर पद्धत जगभर पोचली होती.

आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा सॉफ्टवेअरला हे सगळं किती अपुरं पडतं ते उघड झालं. तिच्या ऑपरेटिंग सिस्टमचं काम फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे होतं. ऐन भरात हजारावर माणसं त्यावर होती, तरी काम रखडलं. ब्रुक्स यांनी तो अनुभव १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडला. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसं घातली की तो आणखी लांबतो, हा त्यांचा निष्कर्ष. कारण साध्या गणितात आहे. ५ जणांच्या टीममध्ये बोलण्याच्या जोड्या १०, १० जणांमध्ये ४५ आणि ५० जणांमध्ये १,२२५. शिवाय नवीन माणसाला काम समजावून देणारा तोच असतो, ज्याच्या डोक्यावर आधीच मुदत लटकत असते. भिंत बांधताना गवंडी वाढवले तर काम पुढे सरकतं. कोडमध्ये प्रत्येक विटेला इतर सगळ्या विटांची माहिती असावी लागते.

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर संकट’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी झाला. बजेट आणि मुदत ओलांडणारे प्रकल्प हा अपवाद नाही, ही कबुली तिथे जाहीरपणे दिली गेली.

यानंतरचा प्रसंग या इतिहासातला सर्वांत चटका लावणारा आहे. १९७० मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध सादर केला. त्यात एक आकृती होती: आधी गरजा ठरवा, मग विश्लेषण, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग, मग वापर. एक पायरी संपली की पुढची. आकृतीखालीच रॉइस यांनी बजावलं होतं की हे असंच राबवणं जोखमीचं आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारं आहे. टेस्टिंग शेवटी येतं, चूक तिथे सापडते आणि मग थेट गरजांपर्यंत मागे जावं लागतं. प्रणाली पूर्णपणे नवी असेल तर ती दोनदा करा, पहिली आवृत्ती शिकण्यासाठी, असं त्यांनी सुचवलं. लोकांनी आकृती उचलली, इशारा तिथेच राहिला. ‘वॉटरफॉल’ म्हणून ती रूढ झाली आणि १९८५ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या सॉफ्टवेअर मानकातही तोच टप्प्याटप्प्याचा साचा दिसला.

असं का झालं? माझ्या मते कारण कंत्राटात आहे. टप्पे ठरले की सह्या घेता येतात, सह्या झाल्या की बिल लावता येतं, आणि बिघडलंच तर कोणाच्या सहीनंतर बिघडलं हे दाखवता येतं. क्लायंट आणि कंपनी दोघांनाही त्यात सुरक्षित वाटतं. प्रकल्प मात्र सुरक्षित होत नाही.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत हे जिवावर बेतणारं ठरलं. संगणकीय पाठवणी प्रणाली कधी सुरू करायची ती तारीख, ८ जानेवारी १९९२, आधीच ठरवलेली होती आणि काम कमी दराच्या निविदेला दिलं गेलं. ती तारीख हुकली. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी प्रणाली संपूर्ण शहरासाठी सुरू झाली. गाड्या नेमक्या कुठे आहेत हे तिला नीट कळेना, सूचना इतक्या साचल्या की जुन्या पडद्यावरून सरकून दिसेनाशा झाल्या, आणि वैतागून परत फोन करणाऱ्यांमुळे गर्दी आणखी वाढली. ४ नोव्हेंबरला ती पूर्ण बंद पडली. सुमारे तीन आठवड्यांपूर्वीच्या एका दुरुस्तीत राहून गेलेला कोडचा तुकडा दर वेळी सर्व्हरची थोडी मेमरी अडवून ठेवत होता. चौकशी अहवालाने वेळापत्रकच अशक्यप्राय होतं असं नोंदवलं.

अंदाज चुकतात ते का, याचा खोलवर अभ्यास अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंता बॅरी बोहम यांनी केला. १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पावपट असू शकतो. काम जसं उलगडतं तशी ही तफावत घटते. याच विचारातून त्यांचं ‘स्पायरल’ प्रारूप आलं: प्रत्येक फेरीत आधी सर्वांत मोठी जोखीम हाताळायची. १९९०च्या दशकात जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी स्क्रम आणलं, म्हणजे ‘स्प्रिंट’ नावाच्या छोट्या, ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत. केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही तशीच छोट्या फेऱ्यांची पद्धत आणली. फेब्रुवारी २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी अशा पद्धतींची समान मूल्यं मांडणारा अजाइल जाहीरनामा लिहिला.

दुसऱ्या बाजूला संस्थांचं काम चालूच होतं. अमेरिकेत पीएमआय ही प्रकल्प व्यवस्थापकांची संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि प्रकल्प व्यवस्थापनाचं तिचं पीएमबॉक मार्गदर्शक १९९६ मध्ये आलं; ब्रिटनमध्ये सरकारी आयटी प्रकल्पांसाठीची प्रिन्स पद्धत १९८९ मध्ये आली. पीएमबॉकच्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने त्या बाजूला ठेवून १२ तत्त्वं मांडली. बजेटची मंजुरी मात्र बहुतेक संस्थांत अजूनही वर्षाची, ठरलेल्या रकमेची आणि ठरलेल्या तारखेची असते, आणि टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करते. त्यामुळे प्रोजेक्ट मॅनेजरकडे वरच्यांसाठी गँट चार्ट असतो, टीमसाठी बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी), आणि या दोन्हींतल्या तारखा एकमेकींशी जुळवत राहणं हेच त्याचं रोजचं काम होऊन बसतं.