शनिवार-रविवारीच बर्फ जास्त कसा काय पडतो?

आमच्या गोव्यात बर्फ म्हटला की मासळी मार्केटातला, त्यामुळे बर्फ किती पडला हे स्की रिसॉर्टवाले खोटं सांगतात की खरं याच्याशी आपल्याला काय देणंघेणं असं वाटेल. पण हल्ली पणजी-फोंड्यातली पोरंसुद्धा गुलमर्गला स्कीइंग करायला जातात, आणि दुसरं म्हणजे टुरिझमचा धंदा आपल्याला कोणी शिकवायला नको, "बीच दोन मिनिटांवर" म्हणजे नक्की किती हे आपल्याला चांगलंच माहीत असतं. स्की रिसॉर्टांचं पण तेच, फक्त तिथे ते आकड्यांत पकडता आलं.

जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ हे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे दोन अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी रिसॉर्टांनी स्वतः जाहीर केलेले ताज्या बर्फाचे आकडे सरकारी हवामान केंद्रांच्या आकड्यांशी ताडून बघितले. 2009 च्या त्यांच्या पहिल्या मसुद्यात निघालं की रिसॉर्टांच्या रिपोर्टात वीकेंडला 23 टक्के जास्त बर्फ पडतो! आता ढगांना काय कॅलेंडर कळतं? सरकारी आकड्यांत असला काही प्रकार दिसला नाही. आणि ज्यांना थापेचा फायदा जास्त, म्हणजे मोठ्या शहरांजवळचे रिसॉर्ट, तिथे फुगवटा पण जास्त. मला सगळ्यात गंमत याची वाटली की शेजारी स्पर्धक असला म्हणून कोणी जास्त खरं बोलत होतं असंही दिसलं नाही, आपण उगाच समजतो की कॉम्पिटिशन आली की सगळे सरळ होतात.

बरं, प्रत्येक वेळी धडधडीत खोटंच बोलावं लागतं असंही नाही, कारण बर्फ मोजणं हेच मुळात निसरडं काम आहे. पाऊस कसा, पर्जन्यमापकात पडला की पडला, सकाळी साडेआठला हवामान खात्याचा माणूस मोजतो आणि विषय संपला. बर्फाचं तसं नाही. 10 मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने 10 सेंटिमीटर बर्फ होतो, पण थंडी कडक आणि हवा कोरडी असेल तर तेवढ्याच पाण्याचा 20 सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ पण होऊ शकतो, आणि तो पडल्यापासून स्वतःच्याच वजनाने खाली बसायला लागतो. म्हणून एका पांढऱ्या फळीवर साचलेला बर्फ मोजून फळी साफ करतात, आणि अमेरिकन हवामान खात्याचा नियम असा की 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा साफ करायची नाही. का? तर दर तासाला साफ करून आकडे जोडत गेलात तर बर्फाला बसायला वेळच मिळत नाही, बेरीज आपोआप फुगते. शिवाय फळी कुठे ठेवायची? शिखराजवळ बर्फ जास्त, पायथ्याला कमी, आणि वारा उडवून आणतो त्या खड्ड्यात तर विचारूच नका. रिपोर्टात मात्र एकच आकडा.

मग हा रिपोर्टातला फुगवटा कमी कशाने झाला? फोनमुळे. 2009 च्या सुरुवातीला एका आयफोन ॲपमध्ये अशी सोय आली की स्की करणारे तिथल्या तिथे लिहू शकतील की बर्फ खरंच किती आहे, आणि फुगवटा एकदम खाली आला. त्यातही जिथे फोनला रेंज चांगली होती तिथे तो जास्त खाली आला. म्हणून जायचं ठरवत असाल तर नुसता रिसॉर्टचा आकडा बघू नका, बऱ्याच ठिकाणी मोजपट्टीवर चोवीस तास कॅमेरा लावलेला असतो तो बघा, आणि रिपोर्टात "इतक्यापर्यंत" असा शब्द असेल तर तो शिखरावरचा आकडा समजून चला.