लिंबाचा थेंब आणि शहाबादी फरशी

जेवणाच्या टेबलाजवळ मार्बलवर एक फिकट ठिपका असतो. ओल्या फडक्याने पुसला की नाहीसा होतो, वाळला की पुन्हा वर येतो. कोणी त्यावर साबण घासतं, कोणी सोडा. शेवटी कंटाळून बाथरूममधली ॲसिडची बाटली बाहेर येते आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. त्या जागी दगडावर काही चढलेलंच नसतं. दगडाचाच एक पापुद्रा विरघळून गेलेला असतो. जे केलं लिंबाने किंवा ताकाने, तेच बाटलीतलं ॲसिड दसपटीने करतं.

आपल्याकडच्या बहुतेक दगडी फरश्या एकाच कुळातल्या आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी, तेलंगणातली तांदूर, राजस्थानात रामगंज मंडीच्या खाणींतून येणारी कोटा आणि आंध्रातला काळा कडप्पा हे सगळे चुनखडक. मार्बल म्हणजे उष्णता आणि दाबाखाली नव्याने स्फटिक झालेला चुनखडकच. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, उभा आहे. पण बेसॉल्टच्या सहज लाद्या निघत नाहीत, आणि शहाबादचा चुनखडक थरांवर आपोआप सुटतो, म्हणून फरशी शेजारच्या राज्यांतून येत राहिली. या सगळ्यांतलं मुख्य खनिज कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ग्रॅनाइट मात्र वेगळं. ते क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचं असतं आणि लिंबाला भीक घालत नाही.

आपली फरशी कोणती हे ठाऊक नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून दोन मिनिटांनी पुसा. जागा निस्तेज झाली तर कॅल्साइट. बुडबुडे दिसलेच पाहिजेत असं नाही, कारण डोलोमाइटी, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या, मार्बलवर ते जवळपास येत नाहीत, तरी चकाकी जाते.

चकाकी इतक्या पटकन का जाते, याचं उत्तर आकड्यांत आहे. संडास साफ करायच्या द्रवात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. 100 मिलिलिटर द्रव सुमारे 14 ग्रॅम चुनखडक खातो. तो एक चौरस मीटरवर सारखा पसरला तर दगडाचा जेमतेम 5 मायक्रॉन जाडीचा थर जातो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हे नगण्य वाटेल. पण प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते आणि पृष्ठभागाचे उंचसखलपण त्याहून बरेच कमी असेल तरच तो आरशासारखा चमकतो. शिवाय ॲसिड कुठेच सारखं खात नाही. स्फटिकांच्या कडांशी जास्त, मध्ये कमी. त्यामुळे एका धुण्यात पॉलिश संपतं. लिंबाच्या एका थेंबात जेमतेम 3 मिलिग्रॅम सायट्रिक ॲसिड असतं, पण ते एका चौरस सेंटिमीटरवर साचून राहिलं तर तिथे 8 मायक्रॉनपर्यंत दगड जाऊ शकतो. चिंच, कोकम, दही, टोमॅटो, व्हिनेगर, शीतपेयं, सगळ्यांचा न्याय हाच.

नळाखाली आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, त्यावर व्हिनेगर टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सिरॅमिक टाइलवर तो बरोबर आहे. इथे नाही, कारण तो थर आणि खालची फरशी दोन्ही एकाच खनिजाची, आणि ॲसिडला त्यातला फरक कळत नाही. थर पाण्याने अर्धा तास भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने आडवं धरून खरवडावा. लोखंडी घासणी नको. तिचे तुकडे सांध्यात अडकून गंजतात.

फरशीचा दुसरा शत्रू पायाखालचा आहे. खनिजांच्या काठिण्याच्या मोह्स श्रेणीत कॅल्साइट 3 वर, साधी सुरी साडेपाचच्या आसपास आणि रस्त्यावरच्या धुळीतले वाळूचे कण 7 वर. चपलेखाली आलेला प्रत्येक कण म्हणजे फरशीवर चालवलेला कानस. घराच्या दारापासून सोफ्यापर्यंतची वाट आधी निस्तेज होते ती यामुळे, पुसण्याने नव्हे. दाराबाहेर एक खरखरीत आणि आत एक मऊ पायपुसणं असावं, आणि पुसण्याआधी मऊ केरसुणीने केर निघालाच पाहिजे. रांगोळीचं पीठही दगडाचंच असतं, कधी त्यात क्वार्ट्झ असतं. ती आधी कोरडी उचलावी. ओल्या फडक्याने पुसली तर कण घासले जातात आणि रंगीत असेल तर रंग छिद्रांत उतरतो.

रोजच्या पुसण्याला फार काही लागत नाही. दोन बादल्या घ्या. एकीत 5 लिटर पाणी आणि एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर, भांडी घासायचा सौम्य द्रव. तोही लिंबू-व्हिनेगरचा नको, उदासीन हवा. दुसरीत साधं पाणी. पहिल्या बादलीचं फडकं घट्ट पिळून पुसायचं, मग साध्या पाण्याचं फिरवायचं. दोन खोल्यांनंतर पाणी बदलायचं; तोवर ते घरभर चिखल पसरवायला लागलेलं असतं. फडक्यातून पाणी टपकत असेल तर ते जास्तच ओलं आहे. द्रव जास्त घातला तर फरशी चिकट होते आणि चिकट फरशी लवकर मळते. साबणाची वडी किंवा चुरा टाळावा: जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचं न विरघळणारं किटण होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत कोट्यावर राखट थर दिसू लागतो. हा थर धुण्याच्या सोड्याने जातो. 5 लिटर कोमट पाण्यात 2 चमचे, 10 मिनिटं ठेवून घासायचं आणि भरपूर पाण्याने काढायचं. सोडा अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचा, आहे; तो कॅल्साइटला इजा करत नाही. हातमोजे मात्र घाला.

पाण्यात रॉकेल टाकण्याची जुनी सवय काही घरांत अजून आहे. झुरळं त्याने जात नाहीत, फिकट मार्बल मात्र पिवळं पडतं. कडप्प्याला काळा दिसावा म्हणून तेल लावतात. आठवडाभर छान दिसतं, मग धूळ धरतं आणि कुबट वास येतो. खडेमीठ टाकून पुसणाऱ्यांच्या श्रद्धेशी इथे वाद नाही. पण मीठ दगडाच्या छिद्रांत शिरून वाळताना स्फटिक होतं आणि त्या स्फटिकांचा दाब थर सुटणाऱ्या शहाबादीचे पोपडे काढू शकतो. एकदा टाकल्याने काही होत नाही, रोज टाकल्याने साचत जातं.

आता खरे डाग. म्हणजे जे छिद्रांत शिरले आहेत आणि पुसून जात नाहीत. तेल सांडलं तर पहिल्या मिनिटात टिपायचं, पसरवायचं नाही. वर मैदा किंवा टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवायचं. तेल आत गेलं असेल तर पोटीस हाच उपाय. खडूची पूड किंवा टाल्कम घ्या, त्यात धुण्याच्या सोड्याचं दाट द्रावण घालून श्रीखंडासारखं घट्ट करा. डागावर 5-6 मिलिमीटर जाड, कडेच्या बाहेर 2-3 सेंटिमीटर पसरवा. वर प्लास्टिक घालून चारी बाजूंनी टेप लावा. 24 तासांनी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि मग लाकडी पट्टीने उचला. काम सगळं या वाळण्यात होतं. ओला लेप छिद्रांत द्रव पाठवतो, तेल सुटतं, आणि पाणी लेपाच्या पृष्ठावरून उडू लागलं की सुटलेलं तेल त्याच्या मागोमाग दगडातून लेपात ओढलं जातं. ओला असतानाच लेप धुतला तर अर्धं तेल जिथल्या तिथे राहतं. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या मार्बलवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण मुलतानी मातीचा लेप देतं, तोही याच जातीचा उपाय. घरी मात्र चेहऱ्याला लावायची सुगंधी मुलतानी माती वापरू नये. तिच्यातला लोह किंवा रंग पांढऱ्या मार्बलवर नवा डाग देऊ शकतो.

हळदीचा डाग साबणाने घासला की लाल होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. घाबरायचं कारण नाही. कर्क्युमिन उजेडात मोडतं, त्यामुळे खिडकीजवळचा डाग काही दिवसांच्या उन्हात आपोआप फिका होतो. घाई असेल तर औषधाच्या दुकानातल्या 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पोटीस द्यावी, पण फक्त फिकट दगडावर. कडप्प्याचा काळेपणा त्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळे असतो, तो पेरॉक्साइडने मळकट होऊ शकतो.

गॅस सिलिंडरच्या बुडाचं गंजाचं कडं ही सगळ्यांत चिवट गोष्ट. गंज काढायची बहुतेक औषधं ॲसिडची, म्हणजे मार्बलवर कडं जाऊन खड्डा उरतो. काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते ग्रॅनाइटही खातं आणि कातडीतून आत जाऊन माणसालाही गंभीर इजा करतं, त्याला घरात जागा नाही. सिलिंडर ट्रॉलीवर ठेवणं दोनशे पट सोपं.

कोकणात आणि गोव्यात तळमजल्यावरच्या फरशीला पावसाळ्यात पाणी सुटतं. ते खालून येतंय की हवेतून, हे कळल्याशिवाय उपाय नको. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि 24 तासांनी पाहा. पाणी प्लास्टिकवर असेल तर दमट हवा थंड दगडावर निवते आहे. पंखा आणि वारा पुरे. प्लास्टिकखाली असेल तर जमिनीतली ओल वर चढते आहे. ती स्वतःबरोबर क्षार आणते आणि सांध्यांशी पांढरा खार फुटतो. खार कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो. अशा फरशीवर सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, लावणं म्हणजे क्षार दगडातच कोंडून पोपडे ओढवून घेणं.

बाकी ठिकाणी सीलर उपयोगी आहे, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा असते. तो छिद्रं आतून जलरोधक करतो, म्हणून तेल आणि चहा आत शिरत नाहीत. लिंबाला तो अडवत नाही, कारण ॲसिड पृष्ठभागावरच काम करतं. गरज आहे का ते पाहायला चमचाभर पाणी 10 मिनिटं ठेवा. जागा गडद झाली तर लावा. फरशी दोन दिवस वाळलेली हवी. लावल्यावर डब्यावर दिलेल्या वेळात, बहुधा 5 ते 10 मिनिटांत, उरलेला द्रव पुसलाच पाहिजे. नाही पुसला तर तो वरच सुकतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

लिंबाने उडालेली चकाकी परत आणायला दगड पुन्हा सपाट करावा लागतो. ठिपका नखाला लागत नसेल तर मार्बल पॉलिशिंग पावडर आणि थोडं पाणी घेऊन ओल्या नमद्याने दोन-तीन मिनिटं गोल घासावी. नखाला लागत असेल तर आधी 400, 600, 800, 1200 असा पाण्याचा पॉलिश पेपर, क्रम न चुकवता. एक नंबर गाळला की त्याचे चरे शेवटपर्यंत दिसतात. पूर्ण खोली गेली असेल तर मशीनवाल्याला बोलवावं. तोही याच तत्त्वाने घासायच्या जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत जातो आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड, चौरस मीटरला साधारण 33 ग्रॅम, ओल्या फरशीवर घासतो. हे ॲसिड असूनही चालतं, कारण त्याने पृष्ठावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा अगदी पातळ थर तयार होतो, जो कॅल्साइटपेक्षा सौम्य आम्लांना कमी दाद देतो. पूड विषारी आहे. मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि काम झाल्यावर फरशी दोनदा धुवून घ्यावी.

मशीनमागे जो दुधाळ राडा उरतो तो मोरीत सोडू देऊ नका. त्यातली दगडाची पूड पाइपच्या वळणावर बसून सिमेंटसारखी घट्ट होते. राडा बादल्यांत भरून रात्रभर ठेवावा, सकाळी वरचं नितळ पाणी ओतून द्यावं आणि खालचा गाळ जुन्या पिशवीत भरून टाकावा.