अडकलेली अक्कलदाढ: वेदना आधी थांबली, भीतीची दखल उशिरा घेतली गेली

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. तोवर बाकीचे दात जागा धरून बसलेले असतात. जबड्याच्या टोकाला जागा उरली नसेल तर दाढ हाडात किंवा शेजारच्या दाढेला टेकून अडकते. सर्वांत जास्त त्रास देते ती अर्धवट वर आलेली दाढ. तिच्यावर हिरडीची झडप राहते, त्याखाली अन्न साठतं, जंतू वाढतात आणि मग हिरडी सुजते, ठणका लागतो, तोंड पुरतं उघडत नाही.

अशी दाढ काढायची म्हटलं की आजही पोटात गोळा येतो. दात काढणं पूर्वी खरोखरच यातनामय होतं. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये हॉरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे हसवणाऱ्या वायूचा, जाहीर प्रयोग पाहिला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला ती जाणवली नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्सने तोच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनमध्ये त्याने प्रात्यक्षिक केलं, तेव्हा मात्र रुग्ण ओरडला आणि वेल्सची हेटाळणी झाली. वायू पुरेसा दिला गेला नव्हता, असं मानलं जातं.

फक्त तेवढीच जागा बधिर करण्याची वाट १८८४ मध्ये खुली झाली. कार्ल कोलर या डॉक्टरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि लवकरच विल्यम हॉलस्टेड या शल्यचिकित्सकाने खालच्या जबड्याच्या नसेजवळ कोकेनचं इंजेक्शन दिलं. कोकेनचं व्यसन लागतं, म्हणून आधी प्रोकेन आलं आणि १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये लिडोकेन. आज अनेक ठिकाणी २ टक्के लिडोकेन आणि त्यात ८०,००० किंवा १,००,००० भागांत १ भाग अॅड्रेनलिन वापरतात. अॅड्रेनलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं आणि रक्तही कमी येतं.

भूल नीट चढत नाही, याचं एक ठरलेलं कारण म्हणजे दाढेभोवतीची सूज. सुजलेल्या भागात आम्लता वाढते आणि औषध नसेपर्यंत कमी पोहोचतं. त्यामुळे सूज जास्त असेल तर आधी झडपेखालची जागा धुऊन, गरज पडल्यास औषध देऊन ती उतरवणं शहाणपणाचं. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी: इंजेक्शनने दुखणं जातं, दाब जाणवणं जात नाही. हे माहीत नसलेला घाबरलेला रुग्ण दाबालाच वेदना समजतो.

दरम्यान दाढ आतून दिसू लागली. रॉन्टजेनने लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी २५ मिनिटं लागली. १९२६ मध्ये जॉर्ज विंटरने दाढेच्या कलण्यावरून सरळ, पुढे कललेली, मागे कललेली आणि आडवी असे प्रकार पाडले, ते आजही वापरात आहेत. एक्स-रेमध्ये मुळं नसेच्या किती जवळ आहेत तेही कळतं. फारच जवळ असतील तर फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवता येतात. एरवी पूर्ण दाढ काढतात, पण ती अख्खी ओढत नाहीत. हिरडी बाजूला करून थोडं हाड कोरतात, दाढेचे तुकडे करतात आणि एकेक बाहेर काढतात. कोरताना सलाइनचा फवारा सतत हवा, नाहीतर हाड तापून मरतं.

या सगळ्यात भीतीची रीतसर मोजणी सुरू झाली ती १९६९ मध्ये. नॉर्मन कोरा यांनी त्यासाठी चार प्रश्नांची मोजपट्टी बनवली. १९९५ च्या सुधारित आवृत्तीत इंजेक्शनचा पाचवा प्रश्न आला. २५ पैकी १९ किंवा जास्त गुण म्हणजे तीव्र भीती. आमच्या मते ही पाच उत्तरं एक्स-रेइतकीच महत्त्वाची आहेत, कारण पुढची पद्धत त्यांवर ठरते.

थोडी धास्ती असेल तर हिरडी कोरडी करून तिच्यावर एक-दोन मिनिटं बधिर करणारी जेल, सावकाश दिलेलं इंजेक्शन आणि हात वर केला की काम थांबेल असा करार पुरतो. त्याहून जास्त असेल तर वेल्सचाच वायू, पण आता नाकावरच्या मास्कमधून आणि किमान ३० टक्के ऑक्सिजनसह. तो हळूहळू वाढवतात आणि शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात. प्रमाण जास्त झालं तर मळमळतं आणि नाक चोंदलेलं असेल तर उपयोग होत नाही. भीती तीव्र असेल तर शिरेतून मिडाझोलम हे गुंगीचं औषध देतात. रुग्ण सांगितलेलं ऐकतो, पण नंतर त्याला फारसं आठवत नाही. या दोन्ही पद्धतींत हिरडीतलं इंजेक्शन द्यावंच लागतं, फक्त तोवर त्याची धास्ती ओसरलेली असते. मिडाझोलमनंतर घरी न्यायला कुणी तरी सोबत लागतं आणि २४ तास गाडी चालवायची नाही.