कॅप्टन अमेरिकाचा ‘तो मी नव्हेच’

४ जुलै २०१८. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आणि त्याच दिवशी कॅप्टन अमेरिका या मार्व्हल कॉमिकच्या नायकाच्या नव्या मालिकेचा पहिला अंक दुकानात आला. मुहूर्त अर्थातच ठरवून साधलेला. आत मात्र सणासुदीचं काही नव्हतं. चेहऱ्यावर अमेरिकेचा झेंडा मिरवणारी माणसं भर वॉशिंग्टनमध्ये हल्ला करतात, स्टीव्ह रॉजर्स, म्हणजेच कॅप्टन अमेरिका, त्यांना रोखतो, आणि त्याबद्दल शाबासकी मिळायच्या ऐवजी सरकारी जनरल त्याला बाजूला व्हायला सांगतो. त्याने गुन्हा केला म्हणून नव्हे. गुन्हा करणाऱ्याचा चेहरा हाच होता, म्हणून.

ही वेळ त्याच्यावर का आली हे समजायचं तर २०१६ आणि २०१७ ही दोन वर्षं नीट पाहावी लागतात. त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण त्यातला थोडाच इथे उपयोगाचा आहे.

दोन ज्यू तरुणांनी हे पात्र घडवलं. पहिला अंक मार्च १९४१चा, बाजारात आला डिसेंबर १९४०मध्ये. मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. निर्मात्यांना धमक्या आल्या, न्यूयॉर्कच्या महापौरांना संरक्षणाची हमी द्यावी लागली. युद्ध संपलं तसा खपही ओसरला. १९५४मध्ये ‘कम्युनिस्टांचा कर्दनकाळ’ म्हणून त्याला पुन्हा उभं करून पाहिलं, तीन अंकांत गाशा गुंडाळावा लागला. १९६४मध्ये मात्र तो बर्फात गोठलेला सापडला आणि तिथून आजचा स्टीव्ह सुरू झाला. आता तो १९४५पासून बर्फात होता म्हटल्यावर प्रश्न आलाच: १९५४मध्ये कम्युनिस्टांना बडवत फिरणारा कोण?

उत्तर १९७२मध्ये मिळालं. तो दुसराच. कॅप्टनचा एक कट्टर चाहता, शस्त्रक्रिया करून चेहरा स्टीव्हसारखा करून घेतलेला, स्टीव्हला महाबली बनवणारं रसायन टोचून घेतलं पण त्यापुढचे किरणोपचार राहून गेले म्हणून डोकं फिरलेला. जिथे तिथे कम्युनिस्ट दिसणारा आणि कृष्णवर्णीयांवर हात टाकणारा. चार अंकांची ही कथा फार हुशारीची आहे, आणि पुढे जे झालं त्याचं मूळही तीच. देशभक्तीची जी बाजू लाजिरवाणी वाटू लागली होती ती एका तोतयाच्या नावावर मांडली आणि मूळ माणसाचं खातं कोरं ठेवलं.

१९७४चा मामला वेगळा. आधी जाहिरातबाजी करून कॅप्टनची बदनामी, मग खुनाचा आळ, शेवटी एका गुप्त संघटनेचा म्होरक्या थेट व्हाइट हाऊसमध्ये सापडतो आणि कॅप्टनसमोर स्वतःवर गोळी झाडून घेतो. चेहरा दाखवला नाही, पण वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन अडकलेल्या त्या उन्हाळ्यात तो कोण हे कुणाला विचारावं लागलं नाही. स्टीव्हने पोशाख उतरवला, काही अंक दुसऱ्या नावाने काढले आणि परत आला. १९८७मध्ये सरकारने ढाल आणि पोशाख आमच्या मालकीचा म्हणून अटी घातल्या, तेव्हाही त्याने दोन्ही परत केले आणि दीड वर्षाने मिळवले. २००७मध्ये त्याला मारलंच, त्यातूनही परतला. या सगळ्या वेळी वाचक त्याच्या बाजूने होते, कारण डाग त्याच्यावर नव्हता. एक तर आळ खोटा असायचा, नाहीतर दोष सरकारचा.

२५ मे २०१६ला हे गणित मोडलं. नव्या मालिकेच्या पहिल्याच अंकात स्टीव्ह आपल्या एका जुन्या सोबत्याला विमानातून ढकलून देतो आणि शेवटच्या पानावर म्हणतो, ‘हेल हायड्रा’, म्हणजे ज्या शत्रू संघटनेशी तो आजवर लढला तिचाच जयजयकार. मधल्या पानांत १९२६चं न्यूयॉर्क, लहानगा स्टीव्ह, आणि त्याच्या आईला संघटनेत ओढणारी एक बाई. म्हणजे हा माणूस पहिल्यापासूनच हायड्राचा. पात्राचं पंचाहत्तरावं वर्ष, त्याच महिन्यात पडद्यावर त्याचा चित्रपट, आणि छापील पानावर हे. वर प्रकाशकांकडून ठासून सांगण्यात आलं की हा क्लोन नाही, तोतया नाही, याचं मन कुणी ताब्यात घेतलेलं नाही. हाच खरा स्टीव्ह.

खळबळ उडणारच होती. निषेधाचे हॅशटॅग चालले, अंक जाळतानाचे व्हिडिओ फिरले, लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. धमक्यांचं समर्थन कुणी करू नये. पण सगळा संताप पोरकट होता असं म्हणणाऱ्यांनी मुखपृष्ठावरचा तो १९४१चा ठोसा विसरायला नको. हायड्रा म्हणजे नाझी नव्हेत, असा बचाव त्या काळात वारंवार ऐकू आला. कागदोपत्री त्यात थोडं तथ्य आहे. संघटना कॉमिकमध्ये आली १९६५मध्ये, हिरव्या झग्यातली जगज्जेत्यांची टोळी म्हणून. पण तिचा सर्वांत ठळक नेता जर्मन सैन्यातला उमराव, आणि २०११च्या चित्रपटाने तर तिला थेट हिटलरच्या गोटात नेऊन बसवलं. लाखो लोकांनी पाहिलेलं चित्र एका बाजूला आणि जुन्या अंकाचा दाखला दुसऱ्या बाजूला, असा तो बचाव होता. तो टिकला नाही.

पुढच्याच महिन्यातल्या दुसऱ्या अंकात उलगडा झाला: कॉस्मिक क्यूब नावाच्या वस्तूला एका लहान मुलीचं रूप आणि मन मिळालं होतं, कॅप्टनचा जुना शत्रू रेड स्कल याने तिला भुलवलं, आणि तिने स्टीव्हचा भूतकाळच बदलून टाकला. आठवणी नव्हे, भूतकाळ. म्हणजे ‘हाच खरा’ हे शब्दशः खरं आणि तरीही फसवं. ऑगस्टमध्ये ब्रुकलिनमध्ये त्याचा तेरा फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला. लोक पुतळ्याशेजारी फोटो काढत होते, तेव्हा चालू अंकांत पुतळ्यातला माणूस हुकूमशाहीची तयारी करत होता.

२०१७च्या वसंतात ती तयारी फळाला आली. मालिकेचं नाव मुद्दाम १९७४चंच घेतलेलं, ‘सिक्रेट एम्पायर’. स्टीव्ह सत्ता बळकावतो ती कायद्याच्या वाटेने: आणीबाणी, विशेषाधिकार, मग एका दिवसात सगळं ताब्यात. छावण्या येतात, लास वेगास बेचिराख होतं, स्टीव्हची जुनी सहकारी नताशा (ब्लॅक विडो) मारली जाते. पानाबाहेर प्रकाशकांनी दुकानदारांना हायड्राच्या चिन्हाचे टी-शर्ट घालण्याचं प्रचारी आवाहन केलं, आणि बऱ्याच दुकानदारांनी ते धुडकावलं. मे महिन्यात प्रकाशकांना निवेदन काढून वाचकांना शेवटपर्यंत थांबायची विनंती करावी लागली. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहराच्या रस्त्यावर खरोखरीचे मशालधारी गोरे वर्चस्ववादी उतरले, आणि मग त्या मालिकेकडे नुसती गोष्ट म्हणून पाहणं अवघड झालं.

शेवटचा, दहावा अंक ३० ऑगस्टला आला. वादाचं खरं मूळ या अंकात आहे. २०१६चा धक्का त्यापुढे किरकोळ म्हणायचा.

मालिकाभर अधूनमधून दाढी वाढलेला एक माणूस कुठल्यातरी धूसर रानात भटकताना दिसत होता. तो कोण हे वाचकांनी कधीच ओळखलं होतं. दहाव्या अंकात तो बाहेर येतो. क्यूबमध्ये उरलेली जुन्या स्टीव्हची आठवण, आता देहासकट. समोर चिलखतातला हायड्राचा स्टीव्ह, इकडे जुन्या पोशाखातला हा. फक्त लायक माणसालाच उचलता येणारा थॉरचा हातोडा दुष्ट स्टीव्हनेही आधी उचलून दाखवला होता, ज्याने निम्मे चाहते कायमचे तुटले. या वेळी तो हलत नाही. आधी उचलला गेला होता तो क्यूबने मंत्राचे शब्दच फिरवले होते म्हणून. खरा स्टीव्ह हातोडा उचलतो आणि निकाल लागतो.

चित्र म्हणून पानं देखणी आहेत. प्रश्न पुढचा आहे. भूतकाळ बदललेला माणूस पुन्हा पूर्ववत केला असता, तर स्टीव्हला आपल्या हातून झालेलं सगळं आठवलं असतं. नताशाचा मृत्यू, छावण्या, वेगास, सगळं त्याच्या डोक्यात राहिलं असतं. त्याऐवजी दोन माणसं केली. एक तुरुंगात, एक मोकळा. म्हणजे सव्वा वर्ष ‘हाच तो’ म्हणून डांगोरा पिटला आणि शेवटी १९७२चीच फाइल काढली. रेटकॉन, म्हणजे आधीची कथा मागाहून बदलणं, म्हणून ते नियमात बसतं. पण ज्या वाचकांना ‘थांबा, विश्वास ठेवा’ सांगितलं होतं, त्यांच्या हाती पडलं ते ‘तो मी नव्हेच’. दुसरी बाजूही आहे, आणि ती मांडणारे थोडे नाहीत: ज्या मनाने गुन्हे केले ते मन या माणसाचं नव्हतंच, मग त्याला शिक्षा कशाची? क्यूब ज्याने वापरला त्याला धरा. तर्क बिनतोड आहे. कथा म्हणून तो पुरेसा वाटत नाही, एवढंच.

त्यानंतर लगेच, नोव्हेंबर २०१७मध्ये, ६९५व्या अंकापासून लेखक-चित्रकाराची नवी जोडगोळी आली. जुना क्रमांक परत, जुना स्वभाव परत. स्टीव्ह मोटारसायकलवरून देश पाहायला निघतो, एका छोट्या गावात त्याच्या नावाने उत्सव भरलेला. मधल्या वर्षाला जवळजवळ हातच लावलेला नाही. थकलेल्या वाचकांना हे फार आवडलं. आजारपणानंतरच्या मऊ भातासारखं ते पचायला हलकं होतं. चित्रं तर सुरेखच. पण त्या गावातल्या एकाही माणसाला छावणीत गेलेला शेजारी आठवू नये, हे खटकतंच. आणि दोन-तीन अंकांत स्टीव्हला पुन्हा गोठवून भविष्यात पाठवलं, तेव्हा वर्तमानाला टाळण्याची याहून उघड तऱ्हा दुसरी नसेल.

म्हणूनच जुलै २०१८च्या अंकाचं महत्त्व. लेखक वंशभेदावरच्या निबंधांसाठी अमेरिकेत नावाजलेला, सुपरहिरोंच्या कॉमिकमध्ये तसा नवखा. त्याने दोन माणसं करण्याचा निर्णय फिरवला नाही. त्या निर्णयावर लोकांचा विश्वास बसत नाही, एवढं धरून तो पुढे गेला. वाचकाला माहीत आहे की तो दुसरा होता. रस्त्यावरच्या माणसाने फक्त चेहरा पाहिलेला आहे. शिवाय हायड्राच्या राजवटीला अनेकांनी आपखुशीने मान डोलावली होती, आणि ती माणसं आता शेजारीच राहतात. या लेखकाचा स्टीव्ह खुलासे देत बसत नाही. सहा अंकांत जनरलचा खून होतो, आळ स्टीव्हवर येतो आणि तो स्वतःहून तुरुंगात जातो. तिथला अधिकारी हायड्राचाच जुना उमराव! १९७४ची घडी इथे उलटी बसवली आहे. तेव्हा आळ खोटा हे लोकांना पटवायचं होतं. आता आळ खोटा असूनही लोकांनी तो खरा मानावा अशी सबळ कारणं आहेत.

वाचकांत तट पडले. गती मंद, बोलणं फार, हाणामारी कमी ही तक्रार पहिल्या अंकापासून होती आणि ती अगदीच चुकीची नाही. काही अंक स्वगतांच्या चौकटींनी भरून गेले आहेत. काहींना राजकारण नको होतं, ज्यावर एवढंच म्हणता येईल की झेंडा नेसलेल्या माणसाकडून ती अपेक्षा जरा जास्तच. २०१६मध्ये अंक सोडलेले काही जण याच मालिकेने परतले. काही अजूनही आले नाहीत. ही मालिका तीस अंक चालली, २०२१पर्यंत.

आपल्याकडे बहुतेकांची कॅप्टनशी ओळख पडद्यावरची, त्यामुळे २०१९च्या चित्रपटातला लिफ्टचा प्रसंग इथल्या थिएटरांत निव्वळ गंमत म्हणून गेला: शत्रूंनी भरलेल्या लिफ्टमध्ये स्टीव्ह एकाच्या कानाशी वाकून ‘हेल हायड्रा’ म्हणतो आणि न लढता बाहेर पडतो. टाळ्या पडल्या. कॉमिकवाल्यांपैकीही बरेच जण हसले, आणि तेच दोन शब्द विनोद म्हणून परत आलेले पाहून बरेच जण चिडले. ते वाक्य लिहिणाऱ्याला माफ करायचं की नाही, यावर त्यांचं आजही जमलेलं नाही.