‘नक्त एनपीए शून्य’मागचा हिशेब

कोल्हापुरात नागरी सहकारी बँकांच्या वार्षिक सभांचा हंगाम आला की अहवालाच्या पहिल्याच पानावर आणि हॉलबाहेरच्या फ्लेक्सवर एक ओळ ठरलेली असते: ‘नक्त एनपीए शून्य टक्के’. एनपीए म्हणजे थकलेली, वसुली अडलेली कर्जं. सभासद टाळ्या वाजवतात, लाभांश मंजूर होतो. बँक बुडण्याआधी आकड्यांतून सुगावा लागावा म्हणून जगभर जी खटपट झाली, तिच्यातला सामान्य ठेवीदारापर्यंत पोचलेला आकडा एवढाच.

खटपट जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत ताळेबंदातल्या गुणोत्तरांवरून कंपन्यांची दिवाळखोरी ताडायला सुरुवात झाली. मेक्सिको (१९९४) आणि आशियातल्या (१९९७) पडझडीनंतर अख्ख्या देशाच्या बँकिंगसाठी निर्देशांक जमवले गेले; २००८ नंतर जीडीपीच्या तुलनेत फुगणाऱ्या कर्जाला त्यात मानाचं स्थान मिळालं. शिरोलीच्या फाउंड्रीला आणि इचलकरंजीच्या यंत्रमागाला कर्ज देणाऱ्या बँकेला त्याचा उपयोग थोडाच. इथे ऑर्डरी आटल्या की एकाच धंद्यातली खाती एकदम थकतात. देशाच्या सरासरीत त्याचा मागमूसही नसतो.

आपल्याकडे १९६० मध्ये केरळातली एक आणि अकोल्याची एक बँक कोसळली तेव्हा सरकारने दिलेलं उत्तर ठेव विम्याचं होतं, भाकिताचं नव्हे. नागरी बँकांना एनपीए आणि भांडवल पर्याप्ततेचे (जोखमीच्या कर्जांमागे स्वतःचं भांडवल किती, याचे) निकष लागले ते थेट १९९० नंतर. तोवर ‘ऑडिट वर्ग अ’ मिळाला की सगळं आलबेल. २००१ मध्ये अहमदाबादची एक बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जापायी बुडाली आणि तिच्याकडे ठेवी ठेवलेल्या इतर सहकारी बँकाही अडकल्या. २००३ पासून बँकांच्या तब्येतीनुसार चार श्रेणी आल्या, २०१२ मध्ये ठरावीक मर्यादा ओलांडताच निर्बंध लावणारी चौकट. जानेवारी २०२० च्या सुधारणेनुसार नक्त एनपीए ६ टक्क्यांवर, सीआरएआर (भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण) ९ टक्क्यांखाली किंवा सलग दोन वर्षं तोटा, यांतलं काहीही झालं की कारवाई.

फ्लेक्सवरच्या शून्याचं मूळ ‘नक्त’मध्ये आहे. ढोबळ, म्हणजे एकूण एनपीएतून तरतूद (बुडण्याच्या शक्यतेपोटी बाजूला काढलेली रक्कम) वजा केली की नक्त उरतो. सहकारी बँका मात्र नफा काढून झाल्यावर त्याच्या वाटणीतून बुडीत व संशयित कर्ज निधी उभा करत आणि तोही वजा धरत. समजा कर्जं १०० कोटी, ढोबळ एनपीए ८ कोटी, खर्ची टाकलेली तरतूद ३ कोटी आणि निधी ५ कोटी. नक्त शून्य! ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे थांबवलं. तरतूद नफ्या-तोट्यात खर्च म्हणूनच टाकायची. निधी भांडवलात धरता येईल, पण एनपीएतून वजा होणार नाही. वरच्या उदाहरणातली बँक शून्यावरून ५ टक्क्यांपलीकडे जाते, म्हणजे कारवाईच्या उंबऱ्याशी. पैसा बँकेतच आहे, मग डाव्या खिशातून उजव्या खिशात घालायला का लावता, असा बँकवाल्यांचा सवाल होता. तो अगदीच चुकीचा नाही. निधीतल्या जुन्या शिलकीसाठी एकवेळची मोकळीकही मिळाली. पण एकच रुपया भांडवलही दाखवणार आणि थकीतही झाकणार, हे किती दिवस चालायचं?

ढोबळ आकडाही निर्मळ नाहीच. ३१ मार्चला हातउसने आणून खातं भरायचं आणि एप्रिलमध्ये नवं कर्ज उचलायचं, हे नवं-जुनं कुठल्याही शाखाधिकाऱ्याला ठाऊक असतं. २०१९ मध्ये मुंबईची एक बहुराज्य बँक गोत्यात आली, तेव्हा तिचा जाहीर ढोबळ एनपीए ४ टक्क्यांच्या आत होता. एका उद्योगसमूहाचं कर्ज लपवायला २१ हजारांवर बनावट खाती वापरली होती. उलट डिसेंबर २०२० मध्ये कोल्हापुरातल्याच एका लहान बँकेचा परवाना गेला, तेव्हा सगळ्या ठेवी परत करण्याइतकी रोकड तिच्याकडे होती. तिथे आक्षेप कारभाराच्या पद्धतीवर होता, आणि त्याला गुणोत्तर नसतं.

१ एप्रिल २०२५ पासून निर्बंधांच्या जुन्या चौकटीची जागा ‘तत्पर सुधारात्मक कारवाई’ या नव्या चौकटीने घेतली आहे. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका तिच्या कक्षेबाहेर आहेत. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीच येत नाहीत. त्यांच्या ठेवींना ५ लाखांच्या विम्याचं कवचही नाही.