मुका मार आणि प्लीहेतला रक्तस्राव: पार्श्वभूमी

दुचाकीवरून पडलेला तरुण उठून बसतो, बोलतो. पोटावर साधं खरचटलेलंही नसतं, पण डावा खांदा दुखत असतो. खांद्याला काहीच झालेलं नसतं. प्लीहा म्हणजे पानथरी फाटून पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, टोचत असतं, आणि त्या पटलाची नस मानेतून येत असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं. रक्तदाबावर विसंबणं इथे घातक. धडधाकट माणसाचं तीस टक्के रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहू शकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यावर एकच उपाय होता: पोट उघडा, प्लीहा काढा. तिच्यावाचून काही अडत नाही, अशी समजूत होती. 1952 मध्ये अमेरिकेतल्या किंग आणि शूमाकर यांनी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बाळांना झालेल्या भयंकर जंतुसंसर्गाची नोंद केली आणि या समजुतीला तडा गेला. 1968 मध्ये टोरांटोहून डॉ. उपाध्याय आणि सिम्पसन यांनी दाखवून दिलं की, लहान मुलांची फाटलेली प्लीहा शस्त्रक्रियेविना भरून येऊ शकते. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं पाऊल हेच, कारण तेव्हा आत डोकावायला सीटी स्कॅनही नव्हता.

1965 मध्ये रूट यांनी पोटात सलाइन सोडून ते परत काढून तपासण्याची पद्धत आणली. त्यातून रक्त आहे हे कळे. कुठून येतंय आणि अजून वाहतंय का, हे कळत नसे. त्यापायी कित्येक पोटं विनाकारण उघडली गेली. सीटीने ते चित्र बदललं. शिरेतून दिलेलं, सीटीत उठून दिसणारं औषध फुटलेल्या धमनीतून झिरपलं की पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो.

उपचाराची वाट मात्र आधीच तयार होती. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी धमनीत सरकवण्याची युक्ती शोधली. 1981 मध्ये ब्रुकलिनच्या स्क्लाफानी यांनी तीच वाट धरून प्लीहेच्या मुख्य धमनीत धातूची बारीक वेटोळी बसवली. आतला दाब उतरतो, रक्त गोठतं आणि जठराकडच्या छोट्या धमन्या प्लीहेला जगवतात.

पण रक्त देऊनही रक्तदाब ढासळतच असेल, तर प्लीहा काढणं हाच आजही बरोबर निर्णय. फक्त घरी सोडताना न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंवरच्या लसींचं वेळापत्रक कागदावर लिहून दिलंच पाहिजे, आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हे घरच्यांना बजावून सांगायला हवं.